मामाजींनी ऐकलं

लग्न होऊन मी पवनीहून आंधळगावला निघाले तेव्हा आईनं मला एकच गोष्ट बजावली होती. "सासरा मोठा प्रार्थनेचा माणूस आहे, पोरी. त्याईच्या समोर तोंड उघडू नको." ते १९७५ साल होतं. दोन-अडीच वर्षं मी आईचा शब्द पाळला. मग एका सकाळी तो मोडला, आणि मोडला म्हणून मी आजही देवाचे आभार मानते.

माझ्या सासऱ्यांचं नाव सुखराम. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून मीही मामाजीच म्हणायची. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचा त्यांचा धंदा. पुढच्या खोलीत दोन माग होते. एकावर ते बसायचे, दुसऱ्यावर माझा नवरा याकोब. आत्याबाई, म्हणजे माझी सासू कुंताबाई, मागच्या पडवीत बसून कोशातून सूत काढायची. मामाजींच्या हातचं लुगडं बाजारात दुरून ओळखू यायचं, इतका त्याचा काठ सरळ असायचा.

पण गावात त्यांना विणकर म्हणून कमी आणि 'प्रार्थनेवाले सुखराम' म्हणून जास्त ओळखत. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. गावाच्या कडेला कवेलूचं, म्हणजे कौलारू, एक घर होतं, त्यातच रविवारची उपासना व्हायची. भंडाऱ्याहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, प्रभुभोजन द्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. बाकीचे रविवार मामाजी चालवायचे. आवाज खणखणीत. ते शास्त्र वाचायला लागले की रस्त्यानं बंडी हाकत जाणारा माणूससुद्धा बैल थांबवून ऐकायचा. कुणी आजारी पडलं की मामाजी माग सोडून त्याच्या उशाशी जाऊन बसत. दारूपायी घर मोडत आलेल्या दोघा-तिघांना त्यांनी हाताला धरून बाहेर काढलं होतं. ते ढोंगी नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं.

फक्त त्यांना एक सवय लागली होती. काहीही ठरवलं की म्हणायचे, "प्रभूनं मले सांगतलं." घराला चुना कधी लावायचा, याकोबनं नागपूरला कामाला जायचं की नाही, नणंदेला कोणत्या घरात द्यायचं, सगळं प्रभूनं त्यांना सांगितलेलं असायचं. आणि प्रभूनं सांगितलं म्हटल्यावर पुढं कोण बोलणार? आत्याबाई चुलीपाशी पुटपुटायची, "याईच्याच कानात सांगते, तं माह्या कानाले काय झालं?" पण ते चुलीपुरतंच. पुढच्या खोलीत ते कधी पोचलं नाही.

मंडळीत रुखमिणी नावाची एक बाई यायची. नवरा मेलेला, पोरबाळ नाही, गावाच्या टोकाला एकटी राहायची. तिला महारोग होता. बोटं आकसून वाकडी झाली होती. ती दारात, चपलांजवळ बसायची. कुणाला शिवायची नाही, पण गाणं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची. मी आले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात, एका रविवारी मामाजी लपवलेल्या पापावर बोलत होते. बोलता बोलता त्यांची नजर दाराकडे गेली आणि ते म्हणाले, "माणूस मनात जे लपवते, ते देव त्याच्या कातडीवर आणून दाखवते. हे प्रभूनं मले सांगतलं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. रुखमिणी उठली. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि पावसातच निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही, आणि त्यानंतरही नाही.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाली, "तिच्या मनाले लागलं असन. असं नोहतं बोलाले पाहिजे."

"म्या काय बोललो? वचन बोललं," मामाजी म्हणाले आणि हात धुवून पाटावर बसले. आत्याबाईनं त्यांना वाढलं, पण स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती डब्यात भात-भाजी घेऊन रुखमिणीकडे जायला लागली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मला तेवढं ठाऊक होतं, कारण डबा मी भरून द्यायची.

त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा ते जाणवलं. सकाळचा चहा मी मामाजींना स्टीलच्या ग्लासात द्यायची. ग्लास पदरात धरूनसुद्धा माझी बोटं पोळायची. मामाजी मात्र तो डाव्या हातात घेत आणि तसाच धरून बोलत बसत. मला वाटलं, कष्टाचा हात आहे, कातडी जाड झाली असेल. मग एकदा त्यांच्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर मोठा फोड दिसला.

"मामाजी, पोळलं काय?"

"मागावर घासलं असन," ते म्हणाले.

पुढं पुढं ते कापडातही दिसायला लागलं. सूत तुटलं की ते जोडताना त्यांची करंगळी साथ देईना. घातलेली गाठ सुटायची. जो काठ दुरून ओळखू यायचा, तो एका अंगानं ढिला यायला लागला. आत्याबाई उतरवलेल्या कापडावरून हात फिरवायची आणि घडी घालून ठेवायची. मामाजी म्हणाले, हा सैतानाचा त्रास आहे, आणि त्यांनी उपास धरला.

उन्हाळ्यात मी विहिरीवर पाणी शेंदत होते आणि मामाजी आंघोळीला आले. अंग घामानं ओलंचिंब होतं. कोपराच्या वर मात्र तळहाताएवढी एक फिकट जागा होती, आणि तेवढीच कोरडी होती. माझ्या माहेरी शेजारच्या काकांना असाच चट्टा होता. त्यांनी तो लपवला होता, आणि पुढं त्यांच्या हातापायांचं काय झालं ते मी लहानपणी पाहिलं होतं. दोर माझ्या हातून सुटता सुटता राहिला.

मी याकोबला सांगितलं.  "बाबाले कोण सांगीन?" एवढंच तो म्हणाला.

मग मी आत्याबाईजवळ विषय काढला. तिला आधीच ठाऊक होतं. "म्या सांगतलं वं," ती म्हणाली. "एकदा नाही, दोनदा सांगतलं. म्हणते, प्रभूनं सांगतलं, आपोआप निघून जाईन. आता काय करू, बाप्पा?" त्या दिवसांपासून मामाजी भर उन्हातही लांब बाह्यांचा सदरा घालायला लागले.

पावसाळा सरता सरता केशवराव आले. ते मोहाडीचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला होता, मोलमजुरी करून पोराला शिकवलं होतं, आणि आता केशवराव सरकारी कुष्ठरोग खात्यात नोकरीला होते. सायकलवरून गावोगाव फिरायचे, घराघरात जाऊन माणसांची कातडी तपासायचे. काही लोक त्यांना पाहून दार लावून घ्यायचे. त्याचा त्यांना राग येत नसे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा यायचे.

आमच्या घरी त्यांनी सगळ्यांचे हात, चेहरे पाहिले. मामाजींनी उजवा हात पुढं केला, डाव्याची बाही तशीच राहू दिली.

"दादा, सदरा काढता काय?" केशवरावांनी विचारलं.

"आमच्या घरी तसला रोग नाही. आमी प्रार्थनेची माणसं आहोत."

"मी काही म्हणून नाही राहिलो, दादा. फक्त पाहून घेतो. पाहू देल्यानं काही बिघडत नाही."

"सांगतलं ना, नाही म्हणून."

केशवरावांनी क्षणभर मामाजींच्या डाव्या हाताकडे पाहिलं. करंगळी आत वळलेली त्यांना दिसली असणार. "मी मोहाडीलेच राहतो," ते म्हणाले. "कधीही या." आणि आत्याबाईनं दिलेलं पाणी पिऊन, सायकल घेऊन गेले.

मग ती सकाळ आली. डिसेंबर होता, थंडी कडक. अशा दिवसांत घरची सकाळची प्रार्थना आम्ही चुलीजवळ बसून करायचो. मामाजी चुलीच्या अगदी लगत बसले होते, डावा हात चुलीच्या मातीच्या कठड्यावर टेकवलेला. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. मामाजी गावातल्या आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना करत होते. इतकी मनापासून, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मला वास आला. भात करपल्याचा नाही, कापडाचाही नाही. मी डोळे उघडले. चुलीतलं जळतं लाकूड घसरून मामाजींच्या हाताला टेकलं होतं. कातडीतून धूर निघत होता. आणि मामाजी डोळे मिटून, तशाच शांत आवाजात प्रार्थना करत होते.

"मामाजी, हात!" मी ओरडले.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. डोळे न उघडताच ते म्हणाले, "प्रार्थनेच्या मधात कोण बोललं?"

मी झेप घेतली आणि त्यांचं मनगट धरून हात ओढला. सुनेनं सासऱ्याचा हात धरला होता, पण ते मला नंतर सुचलं. तळहाताची कड काळी पडली होती. मामाजींनी डोळे उघडले आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात पाहावा तसे आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"प्रार्थना मोडली तुनं," ते म्हणाले.

 तोंडातून शब्द निघाले, ते मी ठरवलेले नव्हते. "मामाजी, तुमी म्हणता प्रभू सांगते. तो सांगूनच राहिला ना! गरम ग्लास हातात देऊन सांगतलं. सुताच्या गाठी सुटल्या, तवा सांगतलं. आत्याबाईच्या तोंडानं सांगतलं. केशवरावाले घरापर्यंत पाठवलं. आता आगीनं सांगून राहिला. आणखी कसं सांगन तो? तुमीच ऐकून नाही राहिले."

 आत्याबाईनं पदर तोंडावर धरला होता. मामाजी उठले, पुढच्या खोलीत गेले आणि तिथून त्यांनी याकोबला हाक मारली. आवाज आम्हाला आत ऐकू येत होता.

"हिले पवनीले सोडून ये. राहू दे काही दिवस माहेरी."

याकोब काय बोलणार होता ते मला कधी कळलं नाही, कारण त्याच्या आधी आत्याबाई पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या दाराशी ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"हिले पाठवता तं मीबी जातो हिच्यासंगं," ती म्हणाली. "मंग बसा एकटे. प्रभू सांगन, आन तुमी ऐकजा."

 याकोबनं मामाजींच्या हाताला खोबरेल लावलं, स्वच्छ फडकं गुंडाळलं. ते त्यांनी मुकाट्यानं करू दिलं आणि मग खांद्यावर दुपट्टा टाकून प्रार्थनेच्या घराकडे निघून गेले. दार आतून लावून घेतलं, असं शेजारच्या माणसानं येऊन सांगितलं.

मी माझी पेटी भरली. भरली आणि तिच्यावरच बसून राहिले. रडू येत होतं, भीती वाटत होती, पण पश्चात्ताप काही केल्या होईना.

मामाजी आत काय करत होते ते त्यांनी पुढं मंडळीसमोर सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. गुडघे टेकून ते म्हणायला गेले, 'प्रभू, माझी सून उद्धट झाली.' आणि शब्द पुढं सरकेनात. मग त्यांना शास्त्रातली एक गोष्ट आठवली. एक मोठा सेनापती होता, त्याला महारोग झाला होता. बरं व्हायचा रस्ता त्याला कुणा राजानं दाखवला नाही. घरात कामाला ठेवलेल्या एका दासीनं, एवढ्याशा पोरीनं, तो सांगितला. आणि नदीत सात बुड्या मारायला सांगितलं म्हणून सेनापती रागानं परत निघाला तेव्हा त्याच्या चाकरांनीच त्याची समजूत घातली. मामाजींनी या गोष्टीवर कितीतरी वेळा संदेश दिला होता. दर वेळी ते नदीवर बोलायचे, बरं झाल्यावर बोलायचे. त्या पोरीवर कधी बोलले नव्हते. "त्या दिवशी मले ती पोरगी दिसली," ते म्हणाले. "माह्याच घरात, चुलीपाशी."

दुपार कलल्यावर ते परत आले. माझी पेटी त्यांनी पाहिली. समोर चटईवर बसले आणि म्हणाले, "पोरी, तुनं काय काय पायलं, ते मले सांग. सगळं सांग. मी मधात बोलणार नाही."

मी सांगितलं. ग्लास, फोड, विहिरीवरचा चट्टा, माहेरचे काका. ते खरंच मध्ये बोलले नाहीत. एकदा फक्त आत्याबाईकडे पाहून म्हणाले, "तुलेबी दिसलं होतं?"

"हाव," आत्याबाई म्हणाली.

"म्या तुले गप बसवलं."

"हाव."

मामाजींनी मान हलवली. मग स्वतःच्या हातांनी माझी पेटी उचलली आणि माळ्याखाली जागच्या जागी ठेवली.

दुसऱ्या दिवशी याकोब त्यांना मोहाडीला घेऊन गेला. तिथलं याकोबनं मला सांगितलं. केशवरावांनी मामाजींना बाकावर बसवलं, सदरा काढायला लावला आणि कापसाची एक बारीक वात घेतली. "दादा, डोळे मिटा. जिथं लागन तिथं बोट ठेवा." मामाजींनी डोळे मिटले. केशवरावांनी चट्ट्यावर वात टेकवली, मग हाताच्या कडेला, मग करंगळीला. पुन्हा चट्ट्यावर. मामाजी तसेच बसून होते. थोड्या वेळानं म्हणाले, "हं, करा सुरू."

केशवरावांनी वात खाली ठेवली. "दादा, झालं," ते हळूच म्हणाले.

मामाजी रडले. याकोबनं बापाला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. केशवराव बाजूला बसून राहिले, घाई केली नाही. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. रोग फार पुढं गेला नाही. डॉक्टर पाहतील, गोळ्या देतील, त्या काही वर्षं रोज घ्यायच्या. घरच्यांना घाबरायचं कारण नाही. बोटं वाचवायची तर हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, बोटं सरळ करायचा व्यायाम करायचा आणि रोज डोळ्यांनी हात तपासायचा. "हाताले कळत नाही तं डोळ्यानं पाहाचं," ते म्हणाले. "आन डोळ्यालेबी नाही दिसलं, तं घरच्याले विचाराचं."

"घरचे सांगतच होते," मामाजी म्हणाले.

परत येताना गावाच्या तोंडाशी याकोब घराकडे वळला, पण मामाजी सरळ पुढं चालत गेले, रुखमिणीच्या झोपडीकडे. आत्याबाई तेव्हा तिथंच होती, डबा घेऊन गेली होती, आणि मी तिच्यासोबत. त्या भागात मामाजींना पाहून आम्ही दोघी उभ्याच राहिलो. रुखमिणी दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. चट्ट्याचं आणि चुलीचं आत्याबाईनं तिला सांगितलं होतं. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मामाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "रुखमिणी, त्या दिवशी म्या जे बोललो ते देवाचं नोहतं. माहं होतं. देवाचं नाव लावून म्या माहंच बोललो."

रुखमिणी पाखडत राहिली. मग म्हणाली, "आता तुमच्या अंगावर निंघालं म्हणून आले."

"हाव. म्हणूनच आलो. नसतं निंघालं तं मी आलोच नसतो."

तिनं सूप बाजूला ठेवलं.  'क्षमा केली' वगैरे काही ती बोलली नाही. "हात दाखवा," म्हणाली. मामाजींनी फडकं सोडलं. तिनं आपल्या वाकड्या बोटांनी त्यांचा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि आत्याबाईला म्हणाली, "याईले चुलीपाशी बसू देऊ नको. गरम भांडं फडक्याबिगर धरू देऊ नको. म्या नाही पायलं, तं माहे बोटं गेले." मग मामाजींना म्हणाली, "तुमचे वाचतीन. सांगतलं तसं करा."

"करीन," मामाजी म्हणाले.

रविवारी मामाजी पुढं उभे राहिले आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. सगळं सांगितलं, रुखमिणीचं, माझं, चुलीचं. नंतर दाराजवळ, रुखमिणी जिथं बसायची तिथं जाऊन बसले आणि म्हणाले, "पुढचं आज दुसऱ्या कोणी चालवा." मी खाली मान घालून होते. लोक माझ्याकडे पाहत होते, आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

सगळं काही लगेच गोड झालं नाही. दोन घरं यायची बंद झाली. आम्ही सगळे प्रभुभोजनात एकाच प्याल्यातून पीत असू, त्याची त्यांना भीती वाटली. पाळकसाहेब आले तेव्हा कुणीतरी त्यांना म्हणालं, सुखरामला वेगळं द्या. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. मग प्याला सगळ्यांत आधी मामाजींना दिला, आणि त्यांच्यानंतर स्वतः प्याले. उपासनेनंतर त्यांनी केशवरावांना बोलावून घेतलं आणि लोकांच्या शंका त्यांना विचारू दिल्या. आमच्या प्रार्थनेच्या घरात केशवराव पहिल्यांदाच आले होते. लोकांनी भीत भीत विचारलं, त्यांनी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. एक घर परत आलं. दुसरं नाही आलं.

रुखमिणी आली ती थेट पुढच्या वर्षी धानाची कापणी झाल्यावर, नव्या पिकाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी. कुणी बोलावलं नव्हतं. दारातली तिची जागा मामाजींनी घेतलेली होती, म्हणून ती क्षणभर घुटमळली. आत्याबाई आत सरकली आणि आपल्या शेजारी हातानं चटई दाखवली. रुखमिणी तिथं जाऊन बसली, आणि नंतर कायम तिथंच बसायची.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी लोकांनीच आग्रह केला, म्हणून मामाजी पुन्हा उपासना चालवायला लागले. आवाज तोच खणखणीत. पण 'प्रभूनं मले सांगतलं' हे त्यांच्या तोंडून जवळजवळ गेलंच. आता ते विचारायला लागले. "तुले काय वाटते?" काठाचा रंग कोणता घ्यायचा, तुले काय वाटते? रविवारी कोणता भाग वाचायचा, तुले काय वाटते? आत्याबाई वैतागायची. "पयले मले बोलू नाही देत, आता मले गप बसू नाही देत," असं म्हणत ती हसायची. त्या दोघांना आम्ही इतकी वर्षं एकमेकांजवळ बसून हसताना पाहिलं नव्हतं.

जुना स्वभाव मात्र अधूनमधून डोकं वर काढायचा. एकदा याकोबनं नव्या नक्षीचं कापड लावलं तर मामाजी भडकले, सगळ्यांसमोर त्याला घालून पाडून बोलले. याकोब बाहेर निघून गेला. संध्याकाळी मामाजी त्याच्या मागाजवळ जाऊन उभे राहिले. "चुकलो गा," म्हणाले. "पुन्हा चुकलो." याकोब म्हणाला, "राहू द्या, बाबा." मामाजी म्हणाले, "राहू नको देऊ. मी असा बोललो की तवाच सांगत जा. मंग उशीर होते." याकोब तेव्हापासून सांगायला लागला. भीत भीत, पण सांगायचा. माझा नवरा बोलका झाला तो तिथून.

गोळ्या त्यांनी एक दिवस चुकवल्या नाहीत. रोज दिवे लागायच्या वेळी ते डावा हात माझ्यापुढं धरायचे आणि मी तो तपासायची. कुठं चीर, कुठं फोड, कुठं काटा. सुरुवातीला मला संकोच वाटायचा. ते मात्र लहान मुलासारखे हात पुढं करून बसत. पुढं काही वर्षांनी नवी औषधं आली, केशवरावांनी ती सुरू करून दिली. १९८५ च्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधाची गरज नाही. करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच. बाकी हात वाचला. काठ पहिल्यासारखा येत नव्हता, पण कापड चांगलं यायचं.

डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दिवशी आत्याबाईनं केशवरावांना आणि त्यांच्या बायकोला, विमलाबाईंना, जेवायला बोलावलं. तलावातल्या माशाचा रस्सा आणि भात होता. रुखमिणीही होती. जेवणाआधी मामाजींनी आभार मानले. ती प्रार्थना लांब नव्हती. त्यांनी दुखण्याबद्दल आभार मानले, कारण दुखतं म्हणून माणूस हात मागं घेतो, आणि त्यांचं दुखणं बंद झालं तेव्हा देवानं त्यांच्याभोवती अशी माणसं ठेवली, ज्यांना त्यांच्यासाठी दुखलं. मग त्यांनी एकेक नाव घेतलं. कुंताबाई. चंद्रकला, म्हणजे मी. याकोब. केशवराव. रुखमिणी. केशवरावांनी डोळे मिटले नव्हते, ते आमच्या देवाला मानत नव्हते. पण त्यांनीही हात जोडले होते, आणि प्रार्थना संपल्यावर चष्मा काढून पुसला.

मामाजी १९८८ च्या उन्हाळ्यात वारले. त्याच्या आदल्या वर्षी प्रार्थनेचं घर वाढवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी बैठकीत बायांनाही बसवलं. आधी असं कधी झालं नव्हतं. मला म्हणाले, "तुनं बोलाचं. लोकाईले आवडो की नाही आवडो." मी बोलले. माझं म्हणणं सगळ्यांनी मानलं असं नाही, पण ऐकून घेतलं. आज त्या घरात मी बायांची प्रार्थना चालवते.

माझ्या आईनं तोंड उघडू नको म्हणून सांगितलं, ते माझ्या काळजीपोटी सांगितलं होतं. तिचा दोष नाही. माझ्या ओळखीच्या किती पोरी तशाच गप्प राहिल्या, आणि ज्यांच्यासमोर गप्प राहिल्या त्यांना कधी कळलंच नाही की आपल्याला कुणी काही सांगू शकतं. माझ्या नशिबी असा माणूस आला, ज्यानं एका दिवसाच्या रागानंतर पेटी उचलून परत जागेवर ठेवली. त्यासाठी मी रोज आभार मानते. मोठ्यानं नाही, मनातल्या मनात, हातातलं काम करता करता.